आधी कॅमेऱ्याची जागा, मग दगड

सर्व्हे ऑफ इंडियाच्या ४७ ओ/१४ या पत्रकात सोलापूर शहर येते. १७ अंश ३० मिनिटे ते १७ अंश ४५ मिनिटे अक्षांश आणि ७५ अंश ४५ मिनिटे ते ७६ अंश रेखांश, एवढा त्याचा पसारा. अशा पत्रकांवर कुठे टिंब असलेला छोटा त्रिकोण आणि शेजारी उंचीचा आकडा असतो, तर कुठे रस्त्यालगत ‘बीएम’ ही अक्षरे. कागदावर या खुणा ठसठशीत दिसतात. जागेवर जावे तर पत्र्याचे शेड, प्लॉटिंगचे खांब किंवा वेड्या बाभळीचे रान. शोधणारा मोबाइलवर अक्षांश-रेखांश टाकतो, निळे टिंब नेईल तिथे उभा राहतो, इकडेतिकडे पाहतो आणि रिकाम्या हाताने परततो. अशा वेळी एखादे जुने छायाचित्र मोठी मदत करते. मात्र त्याला प्रश्न योग्य क्रमाने विचारावे लागतात. दगड कुठे आहे, हा दुसरा प्रश्न. आधी विचारायचे ते हे, की फोटो काढणारा कुठे उभा होता?

त्याच्याही आधी आपण नेमकी कोणती खूण शोधतो आहोत, हे पक्के करावे. ‘इंग्रजांच्या काळातला दगड’ एवढ्यावर शोध सुरू झाला की तो बहुधा भलत्याच दगडापाशी संपतो.

विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला हात घातला. त्याची त्रिकोणांची मुख्य साखळी दक्षिणोत्तर, ७८ व्या रेखांशाच्या आसपास गेली. १८१५ मध्ये बिदरजवळ आणखी एक पायारेषा मोजली गेली आणि तिथल्या मुख्य साखळीपासून पश्चिमेला मुंबईकडे एक माळ न्यायचे ठरले. ‘बॉम्बे लाँगिट्यूडिनल सीरीज’ या नावाने ती ओळखली जाते. १८२२ मध्ये तिचे काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आले. २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्बटन हिंगणघाटला वारला, एव्हरेस्टला मुख्य जबाबदारी घ्यावी लागली आणि ही माळ मागे पडली. पुढे शॉर्टरीड आणि जेकब यांनी ती पुरी केली. १८ व्या अक्षांशाच्या आगेमागे बिदरहून मुंबईला जाणारी रेषा सोलापूर, बार्शी, करमाळा हा टापू टाळून जाऊच शकत नाही. या माळेतली स्थानके उंचवट्यांवर असत. मूळ खूण म्हणजे खडकात किंवा पुरलेल्या दगडात कोरलेले वर्तुळ आणि मध्ये टिंब. त्यावर दगडमातीचा चौथरा रचीत. अनेक ठिकाणी चौथऱ्याच्या मध्यभागी यंत्रासाठी वेगळा खांब उभा करीत, म्हणजे निरीक्षकाच्या हालचालीने थिओडोलाइट हलू नये. चौथरा ढासळला, दगड कुणी गोठ्यासाठी नेले, तरी खालचे वर्तुळ जागेवर राहू शकते. शोधणाऱ्याची सारी आशा त्या वर्तुळावर असते.

उंचीच्या खुणांचा, म्हणजे बेंचमार्कचा, इतिहास निराळा. १८५८ पासून कराचीकडून तलमापनाची कामे सुरू झाली आणि रेल्वे-रस्त्यांच्या कडेने ती देशभर पसरली. या बेंचमार्कची कोरणी साधी असते. रोमन लिपीत वर जी.टी.एस. (ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे), खाली बी.एम. (बेंचमार्क) आणि मध्ये चौकोन किंवा तत्सम आकृती. ती स्वतंत्र दगडावर असते, तशीच पुलाच्या कठड्यावर, देवळाच्या पायरीवर, धर्मशाळेच्या जोत्यावर किंवा स्टेशनच्या दगडी फरशीवरही असू शकते. म्हणून बेंचमार्क शोधणाऱ्याने केवळ उभे दगड पाहत फिरू नये. जुन्या बांधकामांची जोती आणि पायऱ्याही न्याहाळाव्यात.

नागपूरच्या झिरो माइलचे उदाहरण इथे बोलके आहे. तो खांब देशाचा मध्यबिंदू म्हणून प्रसिद्ध आहे. शेजारीच १९०७ चा जीटीएसचा प्रमाणित बेंचमार्क आहे आणि त्यावरचा १०२०.१७१ फूट हा आकडा समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो. दगड हजारो लोकांच्या डोळ्यांसमोर आहे, पण तो काय सांगतो ते वाचणारे थोडे. हरवण्याचा हाही एक प्रकार. सोलापुरात एखादा कोरीव दगड सापडला की ‘शहराचा मध्यबिंदू सापडला’ अशी बातमी होण्याआधी त्यावरची अक्षरे वाचलेली बरी.

तिसरा प्रकार महसुली मोजणीच्या खुणांचा आणि संख्येने तो सर्वांत मोठा. मुंबई इलाख्यातली ही मोजणी सोलापूरच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी सुरू केली आणि लवकरच ती सोलापूरकडे सरकली. ३३ फुटांची साखळी, साखळीचे १६ आणे, ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर. हे गणित आजही भूमी अभिलेख कार्यालयातल्या जुन्या टिपणांत जिवंत आहे. गावाच्या शिवेवरचे दगड, शेताच्या हद्दीवरचे मातीचे बुरूज आणि वरोळ्या या त्या मोजणीच्या खुणा. शिवाय रेल्वेच्या हद्दीचे दगड, मैलाचे दगड, कालव्यावरचे आणि तलावावरचे दगड आहेतच. १८६० मध्ये रेल्वे सोलापूरला पोहोचली आणि १८७१ मध्ये एकरूख म्हणजे हिप्परग्याचा तलाव पुरा झाला. दोन्ही कामांना उंचीची मापे लागली होती.

याहून जुने दगडही या मातीत आहेत. दक्षिण सोलापुरातल्या हत्तरसंग कुडलला शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. गद्धेगाळ आणि वीरगळ महाराष्ट्रभर विखुरलेले आहेत. चंद्र-सूर्य कोरलेला दगड सापडला तर तो सर्वेक्षणाचा नव्हे, आणि कदाचित त्याहून फार मोलाचा असेल.

छायाचित्राकडे वळण्यापूर्वी कागद वाचणे अटळ आहे. त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या छापील खंडांत प्रत्येक मोठ्या स्थानकाचे वर्णन असते: गाव, तालुका, जिल्हा, चौथऱ्याचे स्वरूप, भोवतालच्या गावांच्या दिशा आणि मैलांतली अंतरे. त्यातले बरेच खंड आज स्कॅन होऊन इंटरनेटवर मोफत वाचता येतात. त्यांत दोन सापळे आहेत आणि नवखा माणूस हमखास दोन्हींत अडकतो. पहिला दिशेचा. तक्त्यांतले दिगंश दक्षिणेपासून पश्चिमेकडे मोजलेले असतात. उत्तर म्हणजे शून्य अशी आजची सवय घेऊन ते वाचले, तर शोधणारा बरोबर उलट दिशेला चालू लागतो. दुसरा सापळा रेखांशाचा. त्या काळी गृहीत धरलेल्या मूळ रेखांशात चूक होती. पुढे सर्वेक्षणाच्या कल्याणपूर इथल्या आधारबिंदूचा रेखांश सुधारला तेव्हा जुन्या आकड्यांतून २ मिनिटे २७ सेकंद वजा करावे लागले. सोलापूरच्या अक्षांशावर हा फरक चार किलोमीटरहून जास्त भरतो. म्हणजे जुना रेखांश जसाच्या तसा मोबाइलवर टाकला, तर माणूस खऱ्या जागेच्या पूर्वेला चार किलोमीटरवर कुणाच्या तरी तुरीत उभा! जुन्या मोजणीचा एव्हरेस्ट लंबगोल आणि आजच्या जीपीएसचा डब्ल्यूजीएस ८४ यांतला फरक त्याउपर आहे. तो काही दहा मीटरांपासून शेकडो मीटरांपर्यंत जातो.

गावांची नावेही जपून वाचावीत. इंग्रजी कागदांत सोलापूर ‘शोलापूर’ म्हणून येते. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडे कानडी नावे मराठी कारकुनाच्या कानातून इंग्रजाच्या लेखणीत उतरलेली आहेत. तिकडे टेकडीचे नाव विचारायचे तर सोबत कानडी जाणणारे कुणी असावे.

छायाचित्र मिळवण्याची ठिकाणे सोलापुरात कमी नाहीत. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या संस्थांतले स्मरणिकांचे गठ्ठे, शाळांचे शताब्दी अंक, गिरण्यांतले सामूहिक फोटो, अमेरिकन मराठी मिशनच्या अहवालांतली चित्रे, पुरातत्त्व खात्यासाठी हेन्री कझेन्ससारख्यांनी पश्चिम भारतात काढलेले फोटो, जुनी पोस्टकार्डे आणि घराघरांतले अल्बम. दगडाचाच फोटो कुणी काढला असेल, ही अपेक्षा ठेवू नये. तो कोपऱ्यात, कुणाच्या पायाशी, रस्त्याच्या कडेला चुकून आलेला असतो. लग्नाची वरात टिपताना मागे पुलाचा कठडा येतो, शाळेच्या सहलीत मुले चौथऱ्यावर चढून बसलेली असतात. अल्बम पाहताना माणसांच्या चेहऱ्यांवरून नजर काढून जमिनीकडे न्यायची सवय लावावी लागते. अल्बमच्या मालकाला ते थोडे विचित्र वाटते, ते असो.

आकाशातून घेतलेले जुने फोटोही वापरात आणावेत. अमेरिकेच्या कोरोना उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात काढलेली चित्रे १९९५ मध्ये खुली झाली आणि त्यांत भारतही आहे. शहराभोवतीची वाढ होण्याआधीचे रस्ते, ओढे, बांध त्यांत दिसतात. दगड दिसणार नाही, पण टेकडीवरची पायवाट किंवा चौथऱ्याचा गोल डाग दिसू शकतो. निदान जुना रस्ता आजच्या रस्त्यापासून किती सरकला, हे तरी कळते.

फोटो हाती आला की तीन गोष्टी तपासायच्या. तो उलटा तर छापलेला नाही ना? काचेची निगेटिव्ह पालथी ठेवून छापले की डावे-उजवे बदलते. पाटीवरची अक्षरे, घड्याळ, सदऱ्याच्या गुंड्यांची बाजू किंवा एखादी ओळखीची इमारत यांवरून ते कळते. मग काळ. सोलापूरच्या फोटोत रूळ दिसले तर तो १८६० नंतरचा. गिरणीचे धुराडे दिसले तर तो १८७० च्या दशकाच्या अलीकडचा, कारण जुनी गिरणी तेव्हा उभी राहिली. अलीकडच्या रंगीत फोटोलाही हेच लागू पडते. होटगी रस्त्यावरच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची सुमारे ९० मीटर उंच चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली. ती दिसत असेल तर फोटो त्याआधीचा.

तिसरी गोष्ट सावली, आणि इथे सोलापूरचा अक्षांश मदतीला येतो. १७ अंश ४० मिनिटांवर असलेल्या या शहरात मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या आरंभी सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. या दोन तारखांच्या दरम्यान भर दुपारची सावली दक्षिणेला पडते, वर्षभर इतर वेळी उत्तरेला. आता पावसाळ्यात फोटो काढायला सहसा कुणी जात नसे आणि मे महिन्याच्या दुपारी सोलापुरात उघड्यावर कॅमेरा लावणारा दुर्मिळच. म्हणून भर दुपारची आखूड सावली दिसली तर ती उत्तरेकडे आहे असे धरून सुरुवात करता येते. लांब सावलीचा फोटो सकाळचा की संध्याकाळचा, हे बाकीच्या पुराव्यांवरून ठरवावे. एवढ्यावरून कॅमेऱ्याचे तोंड कुठे होते, याचा अंदाज बांधता येतो.

कॅमेऱ्याची नेमकी जागा शोधण्याची रीत भूगोलवाले आणि छायाचित्रकार दोघेही वापरतात. अमेरिकेत मार्क क्लेट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७७ पासून एकोणिसाव्या शतकातल्या सर्वेक्षण-छायाचित्रांच्या जागा हुडकून तिथूनच पुन्हा फोटो काढले. त्यांचे तत्त्व साधे होते. पुढची वस्तू मागच्या वस्तूला जिथे झाकते, तिथे लक्ष ठेवायचे. शोधणारा डावीकडे सरकला की जवळची वस्तू लांबच्या वस्तूच्या तुलनेत उजवीकडे सरकलेली दिसते. फोटोत देवळाचे शिखर बुरुजाच्या डाव्या कडेला चिकटून दिसत असेल, तर शिखर आणि ती कड यांना जोडणारी रेषा नकाशावर काढून बुरुजाच्या पलीकडे वाढवायची. कॅमेरा त्या रेषेवर कुठेतरी होता. अशीच एकावर एक आलेली दुसरी जोडी सापडली की दुसरी रेषा मिळते आणि दोन रेषांच्या छेदावर कॅमेरा उभा असतो. लेन्स कोणती होती, प्रिंट कापलेली आहे का, याने या निकालाला बाधा येत नाही. लेन्स बदलली की चौकट बदलते. कोणती वस्तू कशाला झाकते, हे फक्त उभे राहण्याच्या जागेवर ठरते.

सह्याद्रीत हे काम तुलनेने सोपे. मागे डोंगरांची रांग असते, सुळके-खिंडी ओळखता येतात आणि शंभर वर्षांत त्या बदलत नाहीत. सोलापूरला क्षितिज सपाट आहे. उत्तरेला बार्शीकडे बालाघाटाचे फाटे सोडले तर माळरानाच्या रेषेत वेगळे ओळखू येईल असे थोडेच. म्हणून इथे पार्श्वभूमीची जागा माणसाने उभारलेल्या उंच वस्तू घेतात: सिद्धेश्वराचे शिखर, भुईकोटाचे बुरूज, मशिदींचे मिनार, चर्चचा मनोरा, गिरण्यांची धुराडी, स्टेशनची पाण्याची टाकी. यांतली धुराडी बहुतेक गेली. पण गेलेल्या धुराड्याची जागाही रेषा काढायला पुरते, फक्त ती जुन्या नगर भूमापन नकाशावर किंवा कोरोनाच्या चित्रावर आधी नक्की करून घ्यावी लागते. भुईकोट आणि त्याला लागून असलेला सिद्धेश्वर तलाव हा टापू या कामाला फार सोयीचा, कारण तलावात मधोमध मंदिर आणि काठाला तटबंदी. एकीमागे एक येणाऱ्या जोड्या तिथे चटकन मिळतात.

झाडांवर भिस्त ठेवू नये, असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे. बाभूळ, सुबाभूळ जाते. पण वड, चिंच, कडुनिंब शंभर वर्षेही टिकतात आणि बुंध्याचा दुबेळका फाटा जसाच्या तसा ओळखता येतो.

कॅमेऱ्याची जागा ठरली की दगडाची पाळी. समजा फोटोत शिखर आणि बुरुजाची कड यांच्यात १२ सेंटिमीटर अंतर आहे आणि कॅमेऱ्याच्या जागेवरून प्रत्यक्ष त्या दोहोंतला कोन २४ अंश भरतो. म्हणजे प्रिंटवर १ सेंटिमीटर म्हणजे साधारण २ अंश. चौकटीच्या कडांना हे प्रमाण बदलते, मधल्या भागात चालते. दगड शिखराच्या उजवीकडे ३ सेंटिमीटरवर दिसत असेल तर तो शिखरापासून ६ अंश उजवीकडे. दिशा मिळाली. दिशेतली एका अंशाची चूक २०० मीटरवर साडेतीन मीटर होते; बिघडून बिघडून एवढेच बिघडते. मोबाइलचे जीपीएस उघड्यावरही काही मीटर इकडेतिकडे सांगते, हे लक्षात घेतले तर जुना फोटो त्याच्या तोडीस तोड ठरतो.

अंतर काढणे अवघड, पण ज्या सपाटीने पार्श्वभूमी हिरावून घेतली तीच सपाटी इथे भरपाई करते. सपाट जमिनीवर क्षितिजाची रेषा प्रत्येक उभ्या वस्तूला कॅमेऱ्याच्या उंचीवर कापते. तिपाई दीड मीटर उंच धरली आणि दगडाचा पायथा प्रिंटवर क्षितिजाच्या अर्धा सेंटिमीटर खाली दिसला, तर वरच्या प्रमाणाने तो एक अंश खाली आहे, म्हणजेच सुमारे ८६ मीटरवर. मोजताना अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर हे उत्तर आठ-नऊ मीटरने हलते. म्हणून दिशेची पट्टी अरुंद आणि अंतराची लांब, अशी एक लांबट जागा शोधायला मिळते. ओढा, चढ किंवा भराव मध्ये आला तर हे गणित बिनकामाचे. तेव्हा दुसऱ्या जागेवरून काढलेला दुसरा फोटो शोधण्याला पर्याय नाही.

हे सारे घरी, कागदावर करून मगच बाहेर पडावे. सोलापुरात त्यासाठी फेब्रुवारी-मार्च बरा. ज्वारी निघाल्यावर रान मोकळे होते आणि ऊन अजून चटकायला लागलेले नसते. वेळ सकाळी आठ किंवा संध्याकाळी पाचच्या आसपासची. तिरप्या उन्हात झिजलेली कोरणी उठून दिसते. भर दुपारी तीच अक्षरे दगडात विरून जातात. सावलीच्या जागी टॉर्च बाजूने धरून तोच परिणाम साधता येतो. सोबत मऊ कुंचला, पाण्याची बाटली, टेप, होकायंत्र आणि फोटोची मोठी प्रत पुरे. तारेचा ब्रश, ॲसिड, खडू, रंग यांपैकी काहीही दगडाला लावू नये. शे-दीडशे वर्षे टिकलेले अक्षर पाच मिनिटांच्या घासण्याने जाते.

काळ्या मातीचा स्वभाव ध्यानात ठेवावा. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पाडते आणि त्यात पुरलेला दगड वर्षानुवर्षे हलत, कलत, खचत राहतो. काळ्या रानातला दगड मूळ कोनात असण्याची शक्यता कमी. मुरमाड माळावरचा किंवा खडकावरचा जास्त विश्वासाचा. शहरात दगड खाली जात नाही, रस्ता वर येतो. मुंबईत सेंट थॉमस कॅथीड्रलपासून मोजलेले जुने मैलाचे दगड असेच पदपथांत गाडले गेले होते. काहींचे फक्त माथे दिसत. महापालिकेच्या वारसा कामात ते वर काढून दुरुस्त केले गेले. पुण्यात जनरल पोस्ट ऑफिसजवळच्या शून्य मैलाच्या दगडाकडेही असेच उशिरा लक्ष गेले. तेव्हा सोलापूरच्या जुन्या रस्त्यांवर पदपथातून डोकावणारा गोल किंवा चौकोनी माथा दिसला तर त्यावरून पुढे जाऊ नये. रस्ता रुंद झाला असेल तर जुन्या कडेची रेषा आज दुभाजकाच्या आसपास असू शकते. पुणे-सोलापूर महामार्गालगत वळणे सरळ करताना मागे राहिलेले जुन्या रस्त्याचे तुकडे आणि त्यांवरच्या जुन्या मोऱ्या मुद्दाम पाहाव्यात.

उजनीच्या पाण्याचा हिशेब वेगळा. १९८० मध्ये पुऱ्या झालेल्या धरणामुळे भिगवण-डिकसळच्या बाजूला जुना रेल्वेमार्ग पाण्यात गेला आणि लोहमार्ग हलवावा लागला. कडक उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे देऊळ वर येते आणि लोक पाहायला जातात. त्या जुन्या मार्गाचे फोटो ज्याच्याकडे असतील त्याने तीच वेळ साधावी. मात्र गाळात एकट्याने उतरू नये.

दगड दिसला की तो शेंदूर लावलेला असण्याची तयारी ठेवावी. शिवेवरचा एकटा उभा दगड म्हसोबा होणे ही या भागात नवलाची गोष्ट नाही. शेंदराखाली अक्षरे असतीलही, पण तो खरवडायचा अधिकार फोटो घेऊन आलेल्या पाहुण्याला नाही. गावकऱ्यांशी, पोलीस पाटलांशी बोलावे, जमेल तेवढ्या बाजूंनी फोटो घ्यावा. पुष्कळदा तिथला एखादा म्हाताराच सांगतो की हा दगड मुळात वरच्या टेकाडावर होता, ट्रॅक्टरला आडवा येतो म्हणून इथे आणून ठेवला. ही माहिती फार मोलाची. हललेल्या बेंचमार्कला उंचीच्या मोजणीत किंमत उरत नाही. इतिहासाच्या नोंदीत मात्र त्याची मूळ आणि आजची, दोन्ही जागा यायला हव्यात.

खोदकाम करू नये. भुईकोटासारख्या संरक्षित स्मारकाच्या आवारात ते बेकायदा आहेच, खासगी रानातही मालकाच्या परवानगीविना कुदळ लावणे म्हणजे भांडणाला आमंत्रण. त्यात हद्दीचा दगड असेल तर शेतकऱ्याला वाटणारच, की हे लोक मोजणी आणायला आले आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये हद्दीच्या खुणांना इजा करणाऱ्याला दंडाची तरतूद आहे. शेतात शिरण्याआधी जुना फोटो मालकाच्या हातात द्यावा. बहुतेक वेळा तोच पुढे होऊन बांध दाखवतो, आणि आजोबांच्या काळचा आणखी एखादा फोटोही घरातून निघतो.

खूण सापडली असे वाटल्यावर ज्या जागेवरून मूळ फोटो घेतला होता तिथे परत जाऊन त्याच चौकटीत नवा फोटो घ्यावा; जुळणी चुकली असेल तर ती इथे उघडी पडते. मग दगडाचा जवळून फोटो, शेजारी पट्टी ठेवून. अक्षरे दिसतील तशीच उतरवावीत; अर्धवट अक्षर आपल्या मनाने पुरे करू नये. अक्षांश-रेखांश कोणत्या पद्धतीतले आहेत ते लिहावे. जमिनीपासून माथा किती वर आहे, दगड कलला आहे का, जवळच्या तीन पक्क्या बांधकामांपासून टेपने मोजलेली अंतरे किती, हे सारे नोंदवावे. ही नोंद सर्व्हे ऑफ इंडियाला आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला पाठवावी, शहराच्या हद्दीत असेल तर महापालिकेलाही. महसुली खूण असेल तर तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयाला. काहीच सापडले नाही, तरी फोटो, काढलेल्या रेषा आणि पायाखाली घातलेला पट्टा यांचा नकाशा करून ठेवावा आणि तारीख घालावी. नंतर येणाऱ्याला त्याच पट्ट्यातून पुन्हा फिरावे लागणार नाही, आणि पुढच्या रस्त्याच्या कामात जेसीबीच्या दातांखाली कोरलेला दगड वर आला तर तो कुठला, हे सांगायला निदान एक कागद हाताशी असेल.